खाऱ्या वाऱ्यात तापणारं ग्राफिक्स कार्ड: एप्रिल ते ऑगस्ट

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कंप्युटरमधला स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, तापून गेम मध्येच बंद पडतो, यावर वाचायला गेलं तर ढीगभर सापडतं. पण ते लिहिणारी बहुतेक माणसं कोरड्या हवेत राहतात आणि त्यांच्या शहरात सर्व्हिस सेंटर असतं. रत्नागिरीत मांडवीला आमच्या घराची मागची खिडकी उघडली की वारा थेट समुद्रावरून आत येतो, आणि मला सांगितलेलं जवळचं सर्व्हिस सेंटर घाट चढून कोल्हापूरला. त्यामुळे माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. एप्रिल ते ऑगस्ट २०२५ मध्ये जे जसं घडलं ते तसं लिहून ठेवते. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, हर्णै, किनाऱ्यावर कुठेही कुणाचं कार्ड असं वागायला लागलं तर पहिल्या दिवशी काय बघायचं एवढं तरी कळेल.

आधी मशीन सांगते. कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, दोन पंख्यांचं. ऑगस्ट २०२२ मध्ये ३४ हजारांना घेतलं, तीन वर्षांची वॉरंटी. दिवसा त्यावर लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, रात्री डोंबिवलीच्या मामेभावाबरोबर गेम. म्हणजे कार्ड बंद पडलं की करमणूक जाते तशी कमाईही थांबते, आणि हे सगळं सुरू झालं ते नेमकं लग्नसराईत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सायबरपंक २०७७ खेळताना स्क्रीन एकदम काळी झाली. कार्ड जोरात घोंघावायला लागलं, हेडफोनमध्ये गेमचा आवाज मात्र काही सेकंद चालूच. कीबोर्डला प्रतिसाद नाही. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करण्याशिवाय इलाज नव्हता. परत चालू केल्यावर सगळं व्यवस्थित, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. व्हॅलोरंटसारखा हलका गेम तासन्‌तास चाले. मोठा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की कधी पार पडे, कधी मध्येच मान टाके. आई म्हणाली, "अगो, बंद कर ते, पेटेल काहीतरी." तिची भीती साहजिक होती. पण कार्ड पेटायच्या खूप आधी स्वतःला आवरतं. ठरलेल्या तापमानाला पोचलं की आधी वेग कमी करतं, तरी भागलं नाही तर काम सोडून देतं. काळी स्क्रीन हा बरेचदा त्याचाच भाग असतो.

इथे एक गोष्ट नीट बघायची: बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं? अख्खा कंप्युटर खटकन बंद होऊन आपोआप परत सुरू होत असेल तर पहिला संशय पॉवर सप्लायवर. गेम तेवढा बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), कार्डाची मेमरी किंवा खुद्द तो गेम. स्क्रीन काळी, पंखे सुसाट आणि मशीन आतून चालू, असं असेल तर कार्डाने हात टेकले. कारण उष्णता असू शकतं, कार्डाला मिळणारी वीजही असू शकते. माझं तिसऱ्या प्रकारातलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसते आणि ती बघून लोक थेट नवा पॉवर सप्लाय घेतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. बटण दाबून धरलं तरी तीच नोंद पडते. तिच्यावरून काहीही विकत घेऊ नका.

मी आधी मोजायचं ठरवलं. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात नुसते आकडे बघत बसायचे नाहीत, लॉगिंग सुरू करायचं. तो दर दोन सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे स्क्रीन काळी झाली तरी शेवटच्या ओळी हातात राहतात. १९ एप्रिलला शनिवारी रात्री लॉग लावून गेम सुरू केला आणि बंद पडू दिला. फाइलच्या तळाशी होतं ते असं: कार्डाचं तापमान ८७ अंश, हॉटस्पॉट १०९, कार्डाला मिळणारा १२ व्होल्टचा पुरवठा ११.९ च्या आसपास.

या आकड्यांचा अर्थ लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या, तुम्हाला लागू नयेत. आरटीएक्स ३०६० साठी त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे. म्हणजे ८७ जास्त, पण मर्यादेच्या आत. खरी गोष्ट हॉटस्पॉट सांगतो, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान. साधारण आकडा आणि हॉटस्पॉट यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक असतो, तो चालतो. वीसच्या वर गेला की चिप आणि वरचा धातूचा कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता चिपकडून कूलरकडे नेणारा लेप) वाळली किंवा सरकली असण्याची शक्यता मोठी. माझ्याकडे फरक बावीसचा. १२ व्होल्टच्या पुरवठ्यात पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. ११.९ म्हटल्यावर पॉवर सप्लायवरचा माझा संशय बराच कमी झाला. तरी कार्डाला वीज देणारी आठ पिनची वायर काढून बघितली. कुठे काळं पडलेलं नाही, वितळलेलं नाही. परत घट्ट बसवली.

मग कॅबिनेटची बाजू उघडून टेबल फॅन थेट आत सोडला. ही चाचणी फुकट आहे आणि खूप काही सांगते. असं केल्यावर तापमान धाडकन उतरलं तर कार्ड चांगलं आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. माझं चार-पाच अंश उतरलं, पण हॉटस्पॉटचा फरक तसाच राहिला. म्हणजे दुखणं कार्डातच. आफ्टरबर्नर या कार्डाचे वेग-वीज बदलायच्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली, तर तोच गेम रात्रभर चालला. कमी वीज, कमी उष्णता, बंद पडणं नाही. दुरुस्ती होईपर्यंत लग्नांचं काम मी असंच रेटलं. कुणाचं काम अडलं असेल तर हा उपाय पहिल्याच दिवशी करा. त्याने कार्डाला काही होत नाही आणि वेळ मिळतो. ड्रायव्हरही सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर मुळापासून काढायच्या प्रोग्रामने पूर्ण काढून नवा टाकला, फरक पडला नाही. फरमार्क लावून बघ, असं दोघांनी सुचवलं होतं. तो प्रोग्राम कार्डावर कुठल्याही गेमपेक्षा जास्त भार टाकतो, म्हणून आजारी कार्डावर मी तो लावला नाही.

याच सुमारास पंख्यांकडे लक्ष गेलं. मशीन बंद करून, वायर भिंतीतून काढून, मोबाइलचा टॉर्च धरला आणि एकेक पंखा बोटाने हलकेच फिरवला. डावीकडचा पाच-सहा फेरे घेऊन सावकाश थांबला. उजवीकडचा अर्ध्या फेऱ्यातच अडला, आणि बोटाला आत रेतीसारखी कचकच लागली. मशीन चालू असताना तो थरथरे, कधी उशिरा सुरू होई, कधी तसाच उभा राही. बिनकामाच्या वेळी पंखे थांबणं हे आजच्या कार्डांत मुद्दाम केलेलं असतं, त्यामुळे डेस्कटॉपवर पंखा उभा दिसला म्हणून घाबरू नका. बघायचं ते गेम चालू असताना.

पंख्यांमागे कूलरच्या पात्यांवर दोन थर होते. एक जांभ्याची लाल धूळ, ती कोकणात सगळीकडेच. पण तिच्याखाली, ॲल्युमिनियमच्या कडांवर, पांढरी भुकटी धरली होती. नख लावलं की सुटायची आणि खालचा धातू खडबडीत लागायचा. हा मिठाच्या हवेचा गंज. मागच्या पट्टीच्या स्क्रूंना तांबूस डाग होते.

हे मला आधीपासून माहीत असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर सांगते. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि धुळीत अडकून बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः ओलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता कित्येक दिवस त्याच्या वरच असते. कार्ड चालू असताना गरम असतं, त्याच्या आजूबाजूची हवा कोरडी राहते. ओल धरते ती रात्री, मशीन गार पडल्यावर. त्यामुळे महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेलं मशीन रोज वापरलेल्यापेक्षा लवकर खराब होऊ शकतं. गावचं घर बंद ठेवून मुंबईला राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आता प्रश्न होता उघडायचं की वॉरंटीत द्यायचं. कूलरच्या एका स्क्रूवर कंपनीचं सील होतं. वॉरंटी संपायला चार महिने होते. सील असेल, वॉरंटी बाकी असेल, तर स्क्रूड्रायव्हरला हात लावण्याआधी तक्रार नोंदवा. मी ५ मे रोजी कंपनीच्या संकेतस्थळावर फॉर्म भरला. लागलं ते असं: बिल, कार्डाचा अनुक्रमांक दिसेल असा फोटो, दोषाचा व्हिडिओ. पंखा अडतो तो व्हिडिओ मी जोडला, आणि लॉगच्या शेवटच्या ओळींचा स्क्रीनशॉटही. तिसऱ्या दिवशी तक्रार क्रमांक आला आणि कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला कार्ड आणून द्या असं उत्तर.

अडचण बिलाची निघाली. कार्ड मामेभावाने मुंबईत घेतलं होतं, त्यामुळे बिल त्याच्या नावावर. शिवाय बिलावर अनुक्रमांक छापलेला नव्हता. फोनवर विचारल्यावर कळलं की बिल ज्याच्या नावावर त्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची सही केलेली प्रत लागेल. अनुक्रमांकासाठी मूळ खोकं आणलं तर चालेल. दादाने त्याच रात्री साध्या कागदावर लिहून, सही करून, स्कॅन पाठवलं. त्यांना मूळ प्रत हवी होती, म्हणून कुरियरने मागवली, त्यात आठवडा गेला. खोकं माळ्यावर होतं म्हणून निभावलं. कार्डाचं खोकं वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका आणि दुकानदाराला बिलावर अनुक्रमांक लिहायला लावा.

१५ मे रोजी गुरुवारी सकाळच्या एसटीने निघाले. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकं मांडीवर. घाटात मे महिन्यातसुद्धा काचेवर धुकं होतं, मी सारखी खोक्याच्या फटींवर रुमाल दाबत होते. सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत दुपार झाली.

काउंटरवरच्या मुलाने खोकं उघडून कार्ड दिव्याखाली धरलं आणि लगेच विचारलं, "समुद्राकडचं हाय न्हवं मॅडम? बघितल्या बघितल्या कळतंय." मी हो म्हटलं. तो म्हणाला, "गंज वॉरंटीत बसत नाही, आधीच सांगतो." मी त्याला पंखा फिरवून बघायला सांगितलं. त्याने फिरवला, मान हलवली. "पंखा गेलाय हे खरं आहे."

जॉबशीट भरताना मी एक आग्रह धरला आणि तो तुम्हीही धरा. शेऱ्यात नुसतं 'गंज' लिहून घेऊ नका. आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला सांगा. माझ्या जॉबशीटवर 'उजवा पंखा अडतो, गेममध्ये हॉटस्पॉट १०९, स्क्रीन काळी' असं आधी आलं आणि गंजाचा शेरा त्याच्या खाली. मुलगा भला होता, त्याने कुरकुर न करता लिहिलं. कार्ड देण्याआधी त्याच्यासमोरच चारही बाजूंनी फोटो काढले. तपासणी शुल्क ५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. वॉरंटी मान्य झाली तर परत मिळेल असं पावतीवर छापलेलं होतं.

मग नुसती वाट बघणं. मशीनमध्ये कार्ड नाही, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर फक्त मेल आणि बिलं. दोन लग्नांचं एडिटिंग एका मैत्रिणीकडे दिलं, त्याचे पैसे अर्थातच तिला गेले. त्या वर्षी पाऊसही लवकर आला. मान्सून २५ मे रोजीच कोकणात पोचला, त्याच्या आधीपासून वळवाने झोडपलं होतं. वीज सारखी जात होती आणि सर्व्हिस सेंटरचा फोन लागत नव्हता. त्या दिवसांत मला खरंच हताश वाटलं. ३४ हजारांची वस्तू कुणाच्या तरी टेबलावर पडलेली आहे आणि आपण फक्त तक्रार क्रमांक वाचून दाखवायचा.

२९ मे रोजी मेल आला. 'गंज आढळल्याने वॉरंटी नाकारण्यात येत आहे.' दुरुस्तीचा अंदाज ९ हजारांच्या पुढे, कारण ते पंखा वेगळा बदलत नाहीत, पूर्ण कूलर बदलतात. मी उलट लिहिलं: बोर्डावर, म्हणजे चिप बसवलेल्या पट्टीवर, गंज आहे की फक्त कूलरवर? पंख्याचं बेअरिंग गेल्याचं कारण काय लिहिलंय? ज्या अटीखाली नाकारताय ती अट कोणती? उत्तर आलं ते पुन्हा तेच वाक्य.

तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हे कोर्ट नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि समेट होतोय का बघते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मला कोल्हापूर-मुंबई करायची गरज नव्हती. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी आयोगापर्यंत गेले नाही. हेल्पलाइनच्या तक्रारीनंतर कंपनीचा फोन आला. वॉरंटी त्यांनी मान्य केली नाहीच, अटींमध्ये गंज आणि ओलावा वगळल्याचं कलम दाखवलं. पण तपासणीचे ५९० रुपये परत केले आणि बोर्ड ठीक असल्याचं लेखी दिलं. त्या लेखी वाक्याचा मला पैशांपेक्षा जास्त उपयोग झाला. कार्ड वाचण्यासारखं आहे हे कळलं.

इथे माझं मत सांगते. मुंबई, चेन्नई, कोची, विशाखापट्टणम ही शहरं समुद्रावरच आहेत. तिथे कार्डं विकायची आणि समुद्राच्या हवेने होणारं नुकसान मात्र ग्राहकाच्या माथी, तेही बारीक अक्षरात, हे मला पटत नाही. निदान खोक्यावर मोठ्या अक्षरात छापावं. माणूस कार्ड कुठे ठेवायचं ते तरी ठरवेल.

३ जूनला कार्ड परत आणलं. आता सीलचा प्रश्न उरला नव्हता, म्हणून स्वतः उघडायचं ठरवलं. पंख्याच्या मधल्या स्टिकरमागे, मोटरवर, एक मॉडेल नंबर असतो. कार्डाच्या नावाने पंखा शोधू नका, त्या नंबराने शोधा, आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर व कनेक्टरच्या पिना जुळवून बघा. दोन पंख्यांचा जोड १,१५० रुपयांना मिळाला. दुसरा पंखा चालू होता तरी दोन्ही बदलले, एकाच हवेत एकाच वयाचे झालेले होते. एमएक्स-४ पेस्ट ५५० ला, तीन जाडींचे थर्मल पॅड (मेमरी वगैरेची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) मिळून ७०० ला, आयसोप्रोपाइल अल्कोहोल ३५० ला. सगळं यायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला.

२१ जूनच्या शनिवारी बसले. शेजारच्या, आयटीआयला जाणाऱ्या मुलाला हाताशी घेतलं, त्याच्याकडे व्हर्नियर कॅलिपर होता आणि हात स्थिर होता. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो, आणि स्क्रू कागदावर काढलेल्या आकृतीत त्या त्या जागी. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जायचे, नाहीतर चिपवर एका कडेने दाब येतो. कूलर ओढायचा नाही, हलका पिळ द्यायचा. सुटला की लगेच उचलायचा नाही, कारण पंख्याच्या बारीक वायरी बोर्डाला जोडलेल्या असतात. त्या पोराने ते बरोबर हेरलं, "ताई, थांब, खाली वायर आहे."

पेस्ट कडांना सरकून गेली होती आणि मध्ये चिप जवळजवळ कोरडी दिसत होती. बावीस अंशांच्या फरकाचं कारण समोर होतं. जुने पॅड तेलकट होऊन फाटले होते. व्हर्नियरने कमी दबलेल्या कडेची जाडी मोजली. मेमरीवरचे आणि पॉवरच्या भागावरचे पॅड वेगळ्या जाडीचे निघाले. इथे अर्धा मिलिमीटर चुकला तरी कूलर चिपवर टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. म्हणून अंदाजाने पॅड घेऊ नका.

आणि मीठ. सगळीकडे अल्कोहोलने साफ करा असं सांगतात. पेस्ट आणि तेलकटपणा अल्कोहोलने जातो, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळत नाही. मीठ काढायला पाणीच लागतं, आणि ते क्षार नसलेलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घरी होतं, तेच वापरलं. पंखे आणि बोर्ड बाजूला ठेवून नुसता कूलर त्या पाण्यात बुडवला, जुन्या टूथब्रशने पात्यांमधली धूळ आणि भुकटी काढली, पाणी लाल झालं की बदललं. बोर्ड मात्र बुडवला नाही. मऊ ब्रश त्याच पाण्याने जेमतेम ओला करून डाग पुसले, नंतर अल्कोहोलचा हात फिरवला. बाहेर धो धो पाऊस, वाळायचं कसं? काकांच्या कॅमेऱ्याच्या लेन्स पावसाळ्यात बल्ब लावलेल्या कपाटात असतात. कूलर आणि बोर्ड दोन्ही रविवारी संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवले. घाई करू नये असा हा एकमेव टप्पा आहे. पात्यांच्या खाचेत पाण्याचा एक थेंब राहिला तरी तो खाली बोर्डावरच येतो.

जोडणं उलट क्रमाने. कार्डाची चिप उघडी असते, म्हणून पेस्ट मधोमध ठिपका देऊन सोडायची नाही. पातळ थर कोपऱ्यापर्यंत पसरायचा. स्क्रू पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे. रविवारी रात्री मशीन सुरू झालं. दोन्ही पंखे एका वेळी फिरले तेव्हा पोराने टाळी दिली आणि माझ्या पोटातला गोळा उतरला.

पहिल्या दिवशी हलका गेम, दुसऱ्या दिवशी सायबरपंक, लॉग चालू ठेवून. तापमान ७२, हॉटस्पॉट ८४. फरक बारा. त्यावर आफ्टरबर्नरमध्ये अंडरव्होल्ट केलं, म्हणजे चिपला मिळणारा वीजदाब कमी केला. वेग १८०० मेगाहर्ट्झवर ठेवून व्होल्टेज ०.८७५ वर आणलं. हे कार्ड १७० वॅटचं. आता त्याच गेममध्ये १३० च्या आसपास घेतं आणि खेळताना फरक जाणवत नाही. प्रत्येक चिप वेगळी असते, माझा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. थोडं थोडं उतरवत जा, गेम अडखळला की एक पायरी वर या. फ्रेम (गेमची चित्रं) सेकंदाला ६० वर बांधून टाकल्या, कारण माझा मॉनिटर तेवढेच दाखवतो. जास्तीच्या फ्रेम म्हणजे नुसती उष्णता.

कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीजवळून हलवून आतल्या खोलीत नेलं. तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा काटा आणला, तो जुलैत खिडकीपाशी ८९ दाखवायचा आणि आत ७८. अकराचा फरक नुसत्या जागेने. काम नसलं तरी मशीन रोज संध्याकाळी तासभर चालू ठेवते. बंद झाल्यावर लगेच प्लॅस्टिकचं आवरण घालत नाही, ओल आत कोंडते. गार झाल्यावर सुती कापड टाकते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवते, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भरधाव फिरून बेअरिंगला मार बसतो.

२७ ऑगस्टला गणपती आले, घर चाकरमान्यांनी भरलं. दादा, त्याची मुलं, आरतीनंतर रात्री आळीपाळीने गेम. खोलीत माणसं, उकाडा, बाहेर पाऊस, आणि कार्डाला उसंत नाही. इतका भार मी स्वतः कधी टाकला नसता. सकाळी लॉग बघितला: हॉटस्पॉट ८७ च्या वर गेलेला नव्हता.

वॉरंटी त्याच महिन्यात संपली. पुढची सफाई थंडी पडल्यावर, हवा कोरडी झाली की. पॅड शिल्लक आहेत, पेस्टच्या नळीत अजून दोन-तीन वेळचं आहे. जोडलेल्या पॅडची जाडी मी कार्डाच्या खोक्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी मोजत बसायला नको. कुणाचा आरटीएक्स ३०६० चा लॉग वाचून हवा असेल तर शेवटच्या वीस ओळी पाठवा, त्यात तापमान, हॉटस्पॉट, पंख्याचा वेग आणि १२ व्होल्टचा रकाना एवढं असलं की पुरे.